बारा ग्रॅमचा राजा

ती. अक्कास,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर हल्ली वाकते तेवढाच, उरलेला मनाने).

तुझा गुडघा कसा आहे? चढताना कुरकुरतो की उतरताना, हे तू मागच्या पत्रात लिहिलंच नाहीस. भाऊजींची झोप ताळ्यावर आली का, की अजून दुपारी मुक्कामाला येते आणि रात्री गावभर फिरते? सूनबाईंचा खोकला? नातवाने शाळेत चावणं सोडलं का? सोडलं नसेल तर निदान आपल्यापेक्षा मोठ्या पोरांना चावू नये, एवढं माझ्यातर्फे सांग. आणि तुझा डावा कान. तो मुद्दाम शेवटी ठेवला, कारण हे सगळं पत्र त्याच्याच पायी आहे.

कानाच्या यंत्रासाठी मुलापुढे हात पसरणार नाही, बाबांनी दिलेली नाणी माझ्या हाताने विकीन आणि त्यातून यंत्र घेईन, म्हणजे जे ऐकू येईल ते बाबांच्या पुण्याईने, असं तू लिहिलंस तेव्हा माझा ऊर भरून आला. बाबांनी चांदीची बावीस नाणी दोन पुरचुंड्यांत बांधली, अकरा तुला आणि अकरा मला, आणि तुझी पुरचुंडीही तू विश्वासाने माझ्याच कपाटात ठेवलीस (विश्वास हा शब्द लक्षात ठेव, पुढे लागेल). मी म्हटलं, अक्का बाजारात जाऊन फसायला नको. आधी आपण या विद्येत शिरू. आता मी सातवीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही हे खरं, पण तराजू दुरुस्त करायला तरी मला कोणत्या शाळेने शिकवलं?

वाचनालयात नाण्यांवरचं एकच पुस्तक निघालं, तेही मध्येच उघडणारं, कारण पहिली तीस पानं कुणी तरी आधीच शिकून घरी नेली होती. उरलेलं मी चार दिवसांत पाठ केलं. त्यात ठळक अक्षरांत लिहिलं होतं की जुनं नाणं घासू नये, धुऊ नये, पुसूही नये, त्याच्यावरचा काळपट थर हेच त्याचं वय. मी ते इतकं मनावर घेतलं की तुझी भावजय फडकं घेऊन कपाटाकडे आली, तर तिला दारातच थोपवलं. (ती म्हणाली, माझ्यावरही वयाचा थर आहे, मला कधी इतकं जपल्याचं आठवत नाही.) पुढच्या पानावर मात्र लिहिलं होतं की खऱ्या नाण्याची पहिली ओळख म्हणजे त्याचं वजन, आणि आपल्या नाण्यांवरचा हा गालफुग्या राजा टांकसाळीतून निघाला तेव्हा बरोबर बारा ग्रॅमचा होता.

झालं. अक्का, तराजूवाल्याच्या पोरापुढे असं वाक्य ठेवू नये. मी पहिल्या नाण्याचं वजन केलं, साडेअकरा. दुसरं त्याहून कमी. एक तर अकराच्या जरा वर, म्हणजे राजा पार खंगलेला. दीडशे वर्षं लोकांनी खिशाखिशातून फिरवून त्याला वाळवून टाकलं होतं. आता किलोचं वजन झिजलं की आपण काय करतो? बुडाला भोक, भोकात शिसं, शिशावर शिक्का. चाळीस वर्षं मी हेच केलं, बाबांनी जन्मभर हेच केलं. झिजलेलं वजन माहीत असून तसंच सोडणारा माणूस दिवसाढवळ्या चोरी करतो, असं ते म्हणायचे. नाणं घासू नये, मान्य. धुऊ नये, मान्य. पण शिसं भरू नये असं त्या पुस्तकात कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी शेवटची सूचीसुद्धा पाहिली.

तर एक पुरचुंडी सोडली (कोणती ते येईल ओघात). काम मात्र नाजूक निघालं. भोक पाडताना चांदी निघून जाते, तिच्या जागी तेवढंच शिसं बसतं, आणि वजन काही म्हणावं तसं वाढत नाही. म्हणून शिशाला जराशी ढेरी ठेवावी लागली. टेबलावर ठेवलं की आता प्रत्येक नाणं स्वतःभोवती दोन गिरक्या घेऊन मग थांबतं. पण वजन? अकराच्या अकरा, बारा ग्रॅम. भोकं सगळी पाठीमागे, राजाच्या चेहऱ्याला मी धक्का लावला नाही. आणि नियम तो नियम म्हणून प्रत्येकाच्या ढेरीवर आपल्या दुकानाचा ठसा आणि चालू साल.

मग दोन्ही पुरचुंड्या घेऊन नाण्यांच्या जाणकाराकडे गेलो. छत्री दुरुस्तीच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर बसतात. डोळ्याला सतत भिंग लावलेलं असतं म्हणून सगळे त्यांना भिंगवालेच म्हणतात. हातात पांढरे मोजे, बोलणं इतकं हळू की आपण चप्पल आधीच बाहेर काढून ठेवल्याचं बरं वाटतं. मी मोठ्या ऐटीत एक नाणं त्यांच्यापुढे ठेवलं. त्याने दोन गिरक्या घेतल्या. भिंगवाल्यांनी ते उलटं केलं, मग सुलटं, मग पुन्हा उलटं, आणि भिंग काढून माझ्याकडे नुसत्या डोळ्याने पाहिलं.

"हे कुणी केलं?"

"मीच," मी म्हटलं, "पण घासलं बिलकूल नाही हो."

मग सज्जन माणूस, त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. नाणं किती जुनं यापेक्षा तशी किती उरली याला मोल. त्यावरची अक्षरं किती शाबूत, कोणत्या टांकसाळीची खूण आहे, त्याला माणसाचा हात किती कमी लागला, याला मोल. आणि टांकसाळीत चूक झाली असेल, म्हणजे राजाला दोन नाकं उमटली असतील, तर त्या चुकीला सगळ्यात जास्त मोल. मी विचारलं, मग माझीही चूकच आहे की, फक्त जरा उशिरा झालेली. ते म्हणाले, टांकसाळीत झाली तर दुर्मीळ, घरात झाली तर नुकसान. तेवढ्यात त्यांनी भिंग पुन्हा लावून पाहिलं, तर त्याच राजाला दोन नाकं निघाली. पाठीमागे माझी ढेरी. अक्का, त्यांनी दोन्ही मोजे काढले आणि घडी करून बाजूला ठेवले.

त्यांनी ते नाणं, केवळ शोक म्हणून, आपल्या काट्यावर ठेवलं. काटा म्हणाला, अकरा पूर्णांक सात. आता माझी चूक मी पदरात घेतली होती, पण हे ऐकून घेणं शक्य नव्हतं. मी नम्रपणे म्हटलं, साहेब, राजा बरोबर आहे, काटा चुकतोय. पाच मिनिटांत उघडून दाखवला. दांडी जिच्यावर तोलते ती आतली सुरीसारखी धार बोथट झालेली. कधीपासून, विचारलं तर नऊ वर्षं त्याला कुणी हात लावलेला नाही (हात न लावण्याचं त्यांना फार कौतुक). म्हणजे नऊ वर्षं त्यांनी खऱ्या नाण्यांना वजनात कमी म्हणून, खोटी ठरवून जिन्यावरून परत पाठवलं होतं. मी धार लावून काटा नीट केला, आणि नंतर आम्ही दोघेही डोकं धरून बसलो, ते त्यांच्या गिऱ्हाइकांसाठी आणि मी त्या अकरांसाठी. शेवटी त्यांनीच उठून चहा मागवला, आणि दुसरी पुरचुंडी काहीही न घेता पाहून दिली.

एकंदरीत काळजीचं कारण नाही. सगळे खुशाल आहेत. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. शिसं भरलेली पुरचुंडी हिरवी होती. हिरवी म्हणजे तुझी. थोरलीचं काम आधी, असा माझा स्वच्छ हेतू होता. माझ्या अकरांची वेळ येईपर्यंत शिसं संपलं, म्हणून ती वाचली.

दुसरा ता. क. माझी ती अकरा आता तुझी. येत्या शनिवारी तुझ्या भाच्याबरोबर पाठवतोय, सोबत तुझ्याकडच्या व्यापाऱ्याला भिंगवाल्यांची चिठ्ठी आहे. दोन नाकांचा त्यांत कुणी नाही, पण एका कानाचं यंत्र नक्की येईल असं ते म्हणाले. ढेरीवाले राजे माझ्याकडे राहतील. नाही म्हणू नकोस, मला दोन्ही कानांनी हवं त्यापेक्षा जास्त ऐकू येतं, सध्या तर फारच.

तिसरा ता. क. हा माझा मोठेपणा समजू नकोस. मी दोन दिवस ढेऱ्या तासून पाठवाव्यात का या विचारात होतो. अदलाबदलीचं तुझ्या भावजयीने सांगितलं, आणि शनिवारपर्यंत माझी हत्यारांची पेटीही तिच्याच उशाशी आहे.

शेवटचा ता. क., आणि खरं काम हेच. बाबांचा छोटा काटा तुझ्या स्वयंपाकघरात फळीवर आहे, हे मला माहीत आहे, आणि तू कुणाची मुलगी आहेस हेही. पुरचुंडी आली की न उघडता व्यापाऱ्याकडे ने. वजन करू नकोस. मी केलंय, सगळी कमी भरतात, तशीच कमी भरू देत. आणि राहवणार नाही असं आत्ताच वाटत असेल, तर शिसं आणायला कुणाला धाडण्याआधी मला दोन ओळी लिही. शनिवारच्या आत लिही.