बोट टेकलं ती वेळ

नांदेड,
१ ऑक्टोबर २०२२

तीर्थस्वरूप अप्पाकाकांना संगमेशचे शरणार्थ.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा तसाच आहे, तरी जिना चढायची हौस काही जात नाही. तुमच्या दुकानात दसऱ्याची गर्दी सुरू झाली असेल.

फोन सोडून हे पत्र का लिहितोय, म्हणून तुम्ही चष्मा शोधत असाल. फोनवर तुम्ही ‘बरं बरं’ म्हणता आणि ठेवून देता. मला जे सांगायचंय ते ‘बरं बरं’मध्ये मावणारं नाही. शिवाय काल तीस तारीख होती. भूकंपाच्या दिवशी तुम्ही कुणाशीच बोलत नाही, म्हणून एक दिवस थांबलो.

तुमच्या अक्षराबद्दल लिहितोय. लातूरच्या क्लासची ऑनलाइन बॅच तिने सोडली आणि आता ती दुकानात गल्ल्यावर बसते. ‘तिचं डोकं चालंना, उगं कशाला रेटायचं,’ असं तुम्ही मला म्हणालात. दर रविवारच्या सराव पेपरात तिचे निम्मे प्रश्न कोरे राहायचे, हे खरं आहे. पण काका, ते कोरे का राहिले हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हापासून मी वेड्यासारखा खूश आहे आणि तितकाच हादरलोय.

तो पेपर ज्या वेबपानावर होतो, ते सांभाळायचं काम यंदा आमच्या कंपनीकडे आलं. पान अडकतं अशा तक्रारी होत्या. आमच्या विशाखा मॅडमनी ऑफिसातल्या लॅपटॉपवर उघडून पाहिलं. म्हणाल्या, “इथं तर भुर्रकन चालून राहिलं की! पोरांचीच रड असती.” सगळ्या मुलांच्या फोनवर पानाला लागणाऱ्या वेळेची सरासरी काढली, तीही छान आली. मला मात्र अक्षरा आठवली. म्हणून मागच्या रविवारी किल्लारीला आलो होतो. सहज आलो म्हणालो, ते खोटं होतं.

तुम्ही दुकानात गेल्यावर तिचा फोन वायरने माझ्या लॅपटॉपला जोडला आणि तिला म्हटलं, पेपर दे. पानामागचा प्रोग्राम क्षणाक्षणाला काय करतो ते पडद्यावर नोंदलं जात होतं. मग एकच सेकंद निवडला आणि मोठा करून पाहिला. काका, काय सांगू! एका सेकंदाच्या पोटात केवढं मोठं गाव नांदत असतं! हा त्याला हाक मारतोय, तो तिसऱ्याला कामाला लावतोय, एकाखाली एक उतरंड लागलेली. इतकी वर्षं हेच काम करतोय, पण त्या दिवशी माझे हातच जोडले गेले. तुम्ही भूकंपाचं एकदाच बोलला होतात, “लई वेळ न्हाई हालली रे धरणी. पण तेवढ्यात समदं गाव गेलं.” एवढ्याशा वेळात केवढं काय मावतं, हे तुम्हाला मी काय सांगणार.

आता घोळ काय होता ते ऐका. पालकांना आवडतं म्हणून वरच्या पट्टीत ‘किती सोडवले, किती उरले’ दाखवायचं ठरलं होतं. त्यापायी पोरीने एका उत्तरावर बोट ठेवलं की प्रोग्राम अख्खा पेपर पहिल्यापासून मोजायचा आणि प्रश्नांचे सगळे चौकोन पुन्हा रंगवायचा. नव्या फोनवर हे कळतही नाही. जुन्या फोनवर मात्र तो त्यातच गुंतून पडतो. तुम्ही कापड मोजत असताना मध्ये कुणाला बोलू देत नाही ना, तसंच त्याचं. एका वेळी एकच काम, बाकीचे उभे. उत्तर लागलं नाही असं वाटून मूल पुन्हा बोट ठेवतं, आणि दुसऱ्यांदा ठेवलं की आधीचं उत्तर पुसलं जातं. जो भरभर सोडवेल त्याचंच जास्त पुसलं जाणार.

बोट टेकलं ती वेळ वेगळी नोंदली जाते आणि पानाने ते ऐकलं ती वेळ वेगळी. दोन्ही शेजारी मांडल्या. अक्षराचं बोट प्रत्येक वेळी केव्हाच पोचलेलं होतं, काका. पान मागे होतं. हेच मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, “परत लाव.” पाहून झाल्यावर म्हणाल्या, “म्हणजे ज्यांनी आईबापाचं ऐकून घरातला जुना फोन घेतला, तीच पोरं मागं पडली.”

पान आम्ही दुरुस्त केलं. परवा तिला फोनवरून सांगून दुकानात बसूनच एक पेपर द्यायला लावला. तुम्हाला वाटलं असेल पोरगी मोबाइलवर खेळतेय. पेपर पूर्ण झाला, वर वेळ उरला.

इथवर सोपं होतं. पुढचं लिहायला दोनदा उठून पाणी प्यायलो.

तो फोन महादेवीकाकूंचा, अक्षराच्या आईचा. ‘नव्या फोनानं पोरं बिघडतात, पेपरापुरता हाच वापर, वरीस सरलं की ट्रंकेत ठेवू,’ असं म्हणून तुम्हीच तिला दिलात. काकू गेल्यावर त्यांच्या साड्या, चष्मा, विभूतीची डबी, सगळं तुम्ही त्या ट्रंकेत ठेवलंत आणि घरात त्यांचं नाव काढायचं बंद झालं. मी कधी विचारलं नाही. गाव गेलं तेव्हाही तुम्ही जुन्या गावठाणाकडे पुन्हा वळून गेला नाहीत, असं आई सांगते.

फोन अडकतो हे अक्षराला पहिल्या पेपरापासून माहीत होतं. मी म्हटलं, “मग सांगितलं का नाहीस? पप्पांनी लगेच दुसरा घेतला असता.”

ती म्हणाली, “म्हणूनच तं न्हाई सांगितलं. हा ट्रंकेत गेला असता.”

दवाखान्यातून काकू याच फोनवरून तिला बोलून निरोप पाठवायच्या. ते सगळे त्यात आहेत. ‘अक्षू, जेवलीस का गं? पप्पांना भाकरी करून दिली का?’ रोज निजायच्या आधी ती एक ऐकते. तेवढ्यासाठी पोरीने स्वतःला मठ्ठ म्हणवून घेतलं, काका, आणि कुणापाशी अवाक्षर काढलं नाही. सेकंदाच्या पोटात शिरून सगळं पाहणारा मी, हे मात्र तिने सांगितलं तेव्हाच कळलं.

पप्पांना सांगू नको, असं तिने मला बजावलंय. तरी सांगतोय. रागवली तर रागवू दे.

दुसरा फोन घेऊ नका. पान आता त्याच फोनवर नीट चालतं, मी मोजून पाहिलंय. तिला बॅच पुन्हा सुरू करू द्या. रविवारी दुकान तासभर उशिरा उघडा आणि ती पेपर देत असताना शेजारी बसा. तिचं बोट बघा. पेपर झाला की तिला म्हणा, एक निरोप मलाही ऐकव. त्यातले बरेच तुमच्यासाठी आहेत.

पेपर कसा गेला हे विचारायला मी रविवारी फोन करणार नाही. त्या फोनवर आधी काकूंना बोलू द्या.

तुमचाच,
संगमेश