सगळ्यांना पंचावन्न

पुणे, ६ जानेवारी
चि. शहादेव यास,
सप्रेम जय भीम.

फोनवर मी रागावले की तुझी रेंज जाते. म्हणून लिहिते आहे.

तुझ्या पंचशीलाचा इथल्या विद्यापीठाचा अर्ज भरायला बसले. तिला डॉक्टर नाही, संशोधक व्हायचंय हे तुला ठाऊक आहेच. पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तरच तिला पुण्यात शिकता येईल, हेही ठाऊक आहे. बारावीच्या निकालाआधीच ते मुलं निवडतात, म्हणून नववी, दहावी आणि अकरावीचे गुण मागतात. दहावीला चौऱ्याण्णव टक्के. अकरावीला भौतिकशास्त्रात पंचावन्न, गणितात पंचावन्न, मराठीतही पंचावन्न! मला छपाईची चूक वाटली. पोरीला विचारलं, तर म्हणाली सगळ्यांनाच पंचावन्न आहेत. नाव गावातल्या मोहनराव पुढाऱ्यांच्या कॉलेजात आणि शिकायला बीडच्या क्लासला. न बसलेल्या परीक्षेचे गुण घरी आले आणि तू ते कपाटात ठेवलेस? आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर अर्ध्या गुणाचं कारण विचारायच्या.

सौ. वहिनीला आशीर्वाद. तुला सध्या काही नाही.
तुझी, मंजुळाक्का


नेकनूर, १३ जानेवारी
ती. अक्कास,
शहादेवचा जय भीम, वि. वि.

पत्र पोचलं, दोनदा वाचलं. एवढी रागावतेस कावून? क्लासवाल्यांनीच ते कॉलेज दाखवलं. रोज जायची भानगड न्हाई, पोरगी क्लासचा अभ्यास करंल म्हणले. इथं सगळ्यांची लेकरं अशीच शिकतात. अकरावीला कोण विचारतं, हे मला शिकल्या-सवरल्या माणसांनीच सांगितलं.

पण आता काळजी नको. काल मोहनरावांकडं गेलतो. माणूस लई मोठ्या मनाचा. चहा पाजला आणि म्हणाले, एवढंच ना, पंचावन्नाचे ब्याण्णव करू, सोमवारी नवं गुणपत्रक न्या. पंचशीला मात्र तोंड फुगवून बसलीय. तुझं ऐकती, तूच समजाव.

लोभ आटू देऊ नको.
तुझा भाऊ, शहादेव


पुणे, १७ जानेवारी
शहादेव,
जय भीम.

समजावणार नाही. समजावायचं ते तुला, पण तू लहानपणापासून उशिरा ऐकतोस. पंचावन्न खोटे होते, म्हणून आता ब्याण्णव खोटे आणणार? उद्या कुणाला शंका आली, तर तिच्या दहावीच्या चौऱ्याण्णवावर कोण विश्वास ठेवेल? ते तिने स्वतः मिळवले होते. मोहनरावांचं मन मोठं असायला काय झालं, नाव तुझ्या मुलीचं जाईल.

गुणपत्रक आणलंस तर अर्ज माझ्या हातून जाणार नाही. बाकी निर्णय तिचा.
अजूनही तुझीच, अक्का


नेकनूर, ४ जुलै
ती. आत्यास,
सा. जय भीम.

फोनवर रडू येतं, म्हणून मीही लिहिते. अर्ज शेवटी मीच भरला आणि पंचावन्नच लावले होते. खाली लिहिलं होतं की हे गुण माझे नाहीत, त्या वर्षी मी कॉलेजात गेलेच नाही, माझी परीक्षा घ्या. त्यांनी घेतली आणि प्रवेशही दिला. शिष्यवृत्ती नाही. खरं लिहिल्याबद्दल आभार मानलेत, पण नियमाप्रमाणे अकरावी धरावीच लागते म्हणतात. त्यामुळे पुणे होणार नाही. बीडलाच बीएस्सीला नाव घातलं. तुम्ही त्यांना रागाचं पत्र पाठवू नका. पाठवलं असेल तर मला सांगू नका.

पप्पा दोन दिवस जेवले नाहीत. आता आपली धाकटी माया अकरावीला गेली. जवळ दुसरं कॉलेज नाही. क्लासवाले घरी आले, तर पप्पांनी त्यांना ओट्यावरूनच वाटेला लावलं आणि मायाला घेऊन कॉलेजात गेले. मीही गेले. वर्गाची किल्ली कुणाला सापडेना. कुलूप तोडलं, तर आत मोहनरावांच्या सभेच्या सतरंज्या. त्या आम्ही तिघांनी बाहेर काढल्या. सर दुपारी आले आणि म्हणाले, एकाच मुलीला काय शिकवू. पप्पा म्हणाले, मग दोघांना शिकवा. आणि मायाच्या मागच्या बाकावर बसले. अजूनही रोज बसतात.

तुमचा राग आमच्यावर असाच राहू द्या.
तुमची, पंचशीला