रिकाम्या काट्यावरचं वजन

सोमवार, ४ मार्च

आलो एकदाचा. घर मनासारखं मिळालं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, उजेड भरपूर, दारं चौकटीत नीट बसणारी. स्वयंपाकघराच्या फरशीवर पाणसळ ठेवून पाहिली, केसाचाही उतार नाही, म्हणून माझा काटा तिथेच मांडला. माणसानं उभं राहून वजन करायचा हा दांडीचा काटा मी भंगारातले भाग जुळवून स्वतः उभा केला आहे. त्याला वीज लागत नाही आणि तो कुणाची भीड ठेवत नाही. चिऊ फोनवर हसली. म्हणाली, बाबा, लोक नव्या घरात आधी गॅस जोडतात, तू काटा जोडतोस. तिची आई गेल्यापासून आमचं दोघांचंच घर. महिनाअखेरीस तिला सुट्टी लागेल तेव्हा ती येणार. तोवर तिची खोली लावून ठेवायची आहे, पडदे तिच्या आवडीचे.

उद्यापासून गोदामात ट्रक तोलण्याच्या मोठ्या काट्याची देखभाल माझ्याकडे. हे काम मला कुणी शिकवलं नाही. मी उघडून, बिघडवून, पुन्हा जोडून शिकलो. म्हणून ते पक्कं आहे.

बुधवार, ६ मार्च

आज शोभा झाली. मोठ्या काट्याच्या खाली खड्डा आहे आणि त्यात उतरायला एक चौकोनी तोंड. मी कमरेपर्यंत गेलो आणि अडकलो. ना खाली, ना वर. दोन हमालांनी बगलेत हात घालून मला उपसून काढलं. मुकादम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, की बाटली आपल्याकडे होतीच, आता बूचही आलं. दुपारच्या चहापर्यंत अख्खं गोदाम मला बूच म्हणायला लागलं होतं. मॅनेजर सभ्य माणूस. त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं, की घाई नाही, पण खाली उतरता आलं पाहिजे, वजनाचं काहीतरी बघा.

घरी येऊन बघितलं. शहाण्णव किलो. काटा बरोबर आहे.

शनिवार, ९ मार्च

डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण कामाला चोख. रक्तदाब घेतला, हृदयाची पट्टी काढली, आणखी कुठली औषधं चालू आहेत ते खोदून खोदून विचारलं. मग भूक कमी करायच्या कॅप्सूल दिल्या, दोन आठवडे पुरतील एवढ्याच. सकाळी एक, अख्खी गिळायची. फोडायची नाही, कारण आतले दाणे दिवसभर हळूहळू विरघळायला हवेत. सोबत सर्दीचं औषध घ्यायचं नाही. जेवण थोडं पण वेळेवर, आणि चालणं रोजचं. छातीत धडधडलं, झोप उडाली, नसलेलं दिसायला-ऐकायला लागलं, तर गोळी बंद करून सरळ इकडे यायचं. संपल्यावर तपासल्याशिवाय पुढची मिळणार नाही. एवढं सांगून झाल्यावर बाईंनी ते सगळं माझ्याकडून म्हणून घेतलं, पहिलीतल्या पोराकडून पाढे घेतात तसं. म्हटलं मी. पण मनातून चिडलो.

घरी दोन कॅप्सूल उघडून सोनाराच्या काट्यावर तोलल्या. दोन्हींच्या दाण्यांत फरक. शिवाय मला एक आणि एखाद्या काडीएवढ्या बाईलाही एकच? याला मोजणं म्हणत नाहीत.

बुधवार, १३ मार्च

माझ्या पद्धतीनं चालू केलं. कॅप्सूल फोडायच्या, दाणे खलात बारीक वाटायचे, माझ्या वजनाच्या हिशेबानं पुड्या बांधायच्या. एका पुडीत अडीच कॅप्सूलचा ऐवज बसतो. काय सांगू, भूक दिवा मालवावा तशी गेली. डबा भरलेला परत येतो. हुशारी एवढी, की काल घरातली सगळी कुलपं तेल घालून साफ केली. गोदामातल्या धुळीनं नाक चोंदलं होतं, त्यावर सर्दीचं औषध घेतलं. बाईंचा नियम सरसकट सगळ्यांसाठी असतो. मी मोजून घेतो.

मंगळवार, १९ मार्च

काट्यानं डोकं खाल्लं. उभं राहायच्या फळीवरून मी उतरलो तरी दांडी खाली येईना. फळीवर काही नाही, आणि दांडी उचललेली. सगळा काटा उघडला, दांडी तोलते त्या पोलादी धारा पुसल्या, परत जोडला. दोष नाही. शेवटी सरकतं वजन हलवत गेलो. रिकाम्या फळीवर साडेपाच किलो. या दिवसांत माझं वजन जेवढं उतरलं, बरोबर तेवढंच.

योगायोग. झोप नाही म्हणून असेल.

कॅप्सूल संपल्या. औषधवाल्यानं चिठ्ठी उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, काका, लोकांना वाटल्या की काय. दिल्या नाहीत. मग गावाच्या दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात गेलो. याआधी कधी घेतल्या नाहीत असं सांगितलं. त्यांनी फारसं न बघता लिहून दिल्या.

रविवार, २४ मार्च

पुढच्या रविवारी चिऊ येणार म्हणून काल सामान भरलं. दूध, अंडी, पाव, फळं, तिची बिस्किटं. आज काही नाही. सालं नाहीत, टरफलं नाहीत. दार आतून बंद, कडी मीच घातलेली.

काट्याकडे बघायचं नाही असं ठरवून बघितलं. रिकाम्या फळीवरचं वजन वाढलं आहे. सामानाएवढं.

मी भूक घालवली असं समजत होतो. ती घरातून गेलीच नाही.

काल डॉक्टरीणबाईंकडे तपासणीला जायचं होतं. काय सांगणार होतो? पुन्हा पाढे म्हणायला लावतील.

बुधवार, २७ मार्च

खड्ड्यात सहज उतरलो. मुकादम म्हणाला, बूच आता दोऱ्याएवढं झालं, आणि हसला नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिला आणि घरी कोण असतं, असं विचारलं. कोणी नाही म्हणताना जीभ अडखळली.

छाती पट्टा सुटलेल्या यंत्रासारखी धडधडते. काट्यावर पाय ठेवला की दांडी ठाणकन् वर आदळते. फळीवर माझ्याआधी कोणी उभं असल्यासारखी. पाठीला ऊब लागते. मागे वळलो नाही.

पुड्या बंद करायला हव्यात. पण भूक परत घ्यायची म्हणजे ते—ते परत आत घ्यायचं?

शुक्रवार, २९ मार्च

भर दुपारी. स्वयंपाकघरातून चावण्याचा आवाज. तिथे खायला काही उरलेलं नाही. दार लावून बाहेर उभा राहिलो. थांबला. माझं ऐकत होतं.

नंतर आत गेलो. मेणबत्त्या नाहीत. साबण नाही. मेजाच्या कडेला दात उमटलेत.

रिकामा काटा शहाण्णव दाखवतो.

मी ब्याऐंशी.

शनिवार, ३० मार्च

चिऊला फोन केला. सांगितलं, येऊ नकोस, घरात काम निघालं आहे. ती म्हणाली, बाबा, तुझं काय चाललंय. काल तूच फोन करून म्हणालास, लवकर ये, फार भूक लागली आहे, तुझ्याशिवाय घास उतरत नाही. म्हणाली, किती दिवसांनी तुझा आवाज असा भरलेला वाटला, आता का असा फाटका. तिकीट काढलं आहे, मी येणारच, तू आजारी आहेस.

काल मी फोन केला नव्हता. फोन स्वयंपाकघरात राहिला होता.

डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी पहिलं विचारलं, कशी घेताय. मी म्हणालो, सांगितली तशीच. का म्हणालो? त्या म्हणाल्या, आहे ती गोळी आजच बंद करा, एकटे राहू नका, असाल तसे या, मी थांबते. गेलो नाही. दाराबाहेर पाऊल टाकलं आणि चिऊ आली तर—

चिऊला परत लावला. उचलत नाही.

रविवार, ३१ मार्च

सकाळ. स्वयंपाकघराला बाहेरून कडी घातली. दाराला पाठ लावून बसलो आहे. पाय फरशीवर धरत नाहीत. माझ्यात दार रोखण्याएवढं वजन नाही.

दार आतून ढकलतंय. हळू. घाई नाही त्याला.

बाईंना खरं सांगितलं असतं तर—मीच फोडल्या, मीच वाटल्या—

बस गेली. जिन्यात पावलं. तिचीच.

बेल. बाबा म्हणून हाक. ओरडायला तोंड उघडलं, टाळू कोरडी, आवाज नाही. पळ म्हणायचं आहे. एवढंच.

माझ्या मागून, दाराच्या आतून, माझ्या आवाजात, तृप्त, प्रेमळ—आलीस, चिऊ? ढकल, उघडंच आहे.

बाहेरचं दार उघडं नाही. मी कडी—कुलपं सगळी मी—

तिनं मूठ फिरवली. कडी कधीच सरकलेली. कुलूप तेल घातलेलं. आवाजही नाही—

पाठीमागचं दार आता—चिऊ, नको—च