बाळाच्या ओठावर अडलेलं लग्न

चामराजपुरम, म्हैसूर
ग्रहणाचा दुसरा दिवस

तीर्थस्वरूप मानाजीअण्णांच्या पायांवर धाकट्या चुलतभावाचं, अंबाजीचं, डोकं. मद्रासेचं पाणी पोटाला मानवलं का? पडसं गेलं का? (काकी विचारतात. मीही विचारतो.) इकडे सगळे खुशाल, म्हणजे मी सोडून.

दसऱ्यात जमादार दत्तोजीरावांच्या रत्नाला पाहिलं, मग तुमच्या वैद्यकी कॉलेजात जीव रमेना आणि मी मधूनच उठून आलो, हे तुम्ही जाणताच. काल ग्रहणात अन्नावर ठेवायला म्हणून त्यांच्याकडे दर्भाची काडी मागायला गेलो (काडी आमच्याकडे होती). रत्नाची थोरली बहीण गोदाक्का सातव्या महिन्याची. तिला अंधाऱ्या खोलीत बसवलेलं; ग्रहण सुटेतो खायचं नाही, चिरायचं नाही, नाहीतर बाळाचा ओठ फाटतो म्हणे. ती भुकेनं कळवळत होती आणि रत्ना दारात उभी होती (हे कारण जास्त खरं), तेव्हा माझं डोकं तापलं. मी सांगितलं, बाळ वरून खाली वाढतं, आधी डोकं, मग धड, मग पाय. आणि आतून बाहेर, आधी दंड, बोटं शेवटी. तिसऱ्या महिन्यात निम्मं बाळ म्हणजे नुसतं डोकंच. ओठ तर केव्हाच शिवून झालाय, आता राहू काय उसवणार? आणि विळी पुढे सरकवली. गोदाक्कानं ऐन ग्रहणात पेरू चिरून खाल्ला, वर मीठ मागितलं.

रत्नाच्या आजी भवानीबाई म्हणाल्या, "डाक्टर, सुम्ने बसा, गप. कॉलेज अर्धं, ज्ञान पण अर्धं." दत्तोजीराव मिशीवर हात ठेवून म्हणाले, "बाळ धड निघालं तर रत्ना तुमची. नाही निघालं तर म्हैसुरात दिसायचं नाही."

मी कबूल केलं. (रत्ना हसली. शपथ.) अण्णा, आता मागे हटणं नाही. शास्त्र माझ्या बाजूला आहे. बाळंतपण होईपर्यंत रोज त्यांच्या दारावरून छाती काढून जाणार, आजी काय वाटेल ते म्हणोत.

आपला, निश्चयाचा पक्का,
अंबाजी

ता. क. आजी आज म्हणतात, ओठ राहू दे, कानाचं काय? कान केव्हा पुरा होतो ते पुस्तकात पाहून तार करा. मी उठून आलो तेव्हा वर्ग ओठापर्यंतच पोचला होता.

दुसरा ता. क. पाहताच आहात तर ओठाचंही पाहा. दुसरा महिना की सातवा? त्या तासाला मी खिडकीतून म्हैसूरच्या दिशेला बघत होतो. सातवा असेल तर तार नको. तुमच्या खोलीत आणखी एक चटई तेवढी टाकून ठेवा.