माहितीपत्रकावरचा नंबर

४ मार्च

छापून आला! डॉक्टर, नर्स आणि फार्मासिस्ट मिळून घरी राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या कशा कमी-जास्त करणार, त्या अभ्यासाचा प्रोटोकॉल, म्हणजे सगळा आराखडा. लिहिला मी. लेखकांची रांगच्या रांग, त्यात मी नाही! सरांचा भाचा आहे — त्याने तक्ते रंगवले म्हणे. आणि अभ्यासाचं नाव काय, तर 'सहयोग'!

सरांना विचारलं. "अगं, तू तर घरचीच. घरच्यांची नावं कोण छापतं?"

६ मार्च

राजीनामा दिला. सही करायला सरांनी माझंच पेन मागितलं. नवरा म्हणतो, "सोडून दे." ह्याचं काय जातंय!

११ मार्च

हसून हसून पुरेवाट! प्रोटोकॉलच्या शेवटी रुग्णांना द्यायचं माहितीपत्रक आहे, माझ्या मसुद्यातून जसंच्या तसं उचललेलं. माझं नाव काढलं, पण 'त्रास झाल्यास कधीही फोन करा' याच्यापुढे माझा मोबाइल नंबर तसाच! मी तो तात्पुरता टाकला होता. एवढ्या लेखकांनी वाचलं, संपादकांनी वाचलं. नक्कल करायलाही अक्कल लागते.

आता छापलेल्यातलं एक अक्षर बदलायचं तरी जाहीर दुरुस्ती छापावी लागेल, कारणासकट. मी मुळीच सांगणार नाही. होऊ दे शोभा!

२ एप्रिल

तेच पत्रक वाटताहेत! पहिला फोन एका आजोबांचा. "बाई, गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर?" उत्तर ओठांवर आलं होतं. गिळलं. "राँग नंबर."

तक्रारी होतील, अशा अभ्यासांवर लक्ष ठेवणाऱ्या नैतिकता समितीपर्यंत जातील. पळू दे सरांच्या तोंडचं पाणी.

९ एप्रिल

फोन वाढले. सिम काढून खणात टाकलं, नवीन घेतलं. बसा म्हणावं लावत!

ताईला सांगितलं, तर तीच माझ्यावर उखडली. "त्या म्हाताऱ्यांनी तुझं काय घोडं मारलंय?" काही नाही. पण सुक्याबरोबर ओलंही जळतं, त्याला मी काय करू?

१७ एप्रिल

लागली चौकशी! जुन्या ऑफिसातली मैत्रीण सांगत होती — सर पांढरेफटक पडलेत, भाचा रजेवर. समितीने उद्या मलाही बोलावलंय. आज कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. काय काय बोलायचं, ते आरशासमोर म्हणून पाहिलं.

१८ एप्रिल

समितीच्या दाराबाहेर बाकावर एक बाई होती. तिचे वडील घरात चक्कर येऊन पडले, ते गेलेच. "गोळी वाढवल्यापासून गरगरत होतं त्यांना. पत्रकावरचा तो नंबर सारखा लावत होते. बंदच."

मी तिच्या शेजारी बसले. तिने माझ्या हातावर हात ठेवला.

"तुमचंही कोणी गेलं का?"