बाबांना वाचून दाखवलेली कादंबरी

पुसेगाव,
सोमवार

प्रिय दादा,

तुझी कादंबरी मिळाली. फोन केला असता, पण बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मी माहेरीच आहे आणि ते दिवसभर माझ्या आसपासच असतात. हे त्यांच्या कानावर जायला नको, म्हणून स्पीडपोस्टाने पाठवतेय.

आधी रागावून घेते. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेवर तू लिहितोयस म्हटल्यावर मला वाटलं, चला, माझ्यासोबत दोन महिने मुंबईत राहिलेला माणूस लिहितोय, काहीतरी खरं वाचायला मिळेल. आणि निघालं काय? अठरा स्पर्धक, अठराही देखणे, एकाचाही घसा बसत नाही. नायिका दोनदा चक्कर येऊन पडते, दोन्ही वेळा नायकाच्याच अंगावर! अरे, आम्ही नऊ पोरी एका खोलीत झोपायचो. वाऱ्याने आवाज बसेल म्हणून पंखा लावायचा की नाही यावरून भांडायचो. गाणं सुरू व्हायच्या आधीच कॅमेऱ्यासाठी प्रेक्षकांना खोटे डोळे पुसायला लावायचे, ते तर तू माझ्या शेजारी उभा राहून पाहिलंस. यातलं काहीच लिहावंसं वाटलं नाही? तिसऱ्या फेरीत मला बाहेर काढलं तेव्हाही मी एवढी हिरमुसले नव्हते.

बाबांना मात्र हे बोललेले नाही. डॉक्टरांनी महिनाभर वाचन बंद सांगितलंय, म्हणून रोज दुपारी मी वाचते आणि ते डोळे मिटून ऐकतात. प्रेमप्रकरण सुरू झालं की आई भांडी आवरायच्या निमित्ताने उठून जाते. बाबा म्हणतात, “लिहून राहिलं ना पोरगं, लिहू दे.” पण वाचन थांबलं की रोज एकच विचारतात, “आपल्या घराचं कव्हा येतं गं?” ते कशाची वाट पाहत होते, हे तुला सांगायला नको.

तो दिवस आठवतो? वाहिनीची माणसं शूटिंगला आली आणि आपलं स्लॅबचं घर बघून त्यांचं तोंड उतरलं. त्यांना गरिबी हवी होती. तूच म्हणालास, थांबा, व्यवस्था करतो. शेजारच्या धर्मसिंगकाकांच्या गोठ्यात तू आपलं बिऱ्हाड मांडलंस. बाबांचा चष्मा काढून स्वतःच्या खिशात ठेवलास, घड्याळ उतरवलंस, त्यांना फाटकी बंडी घातलीस. मग त्या माणसांच्या सांगण्यावरून तू बाबांचा हात धरून अंगठ्याला शाई लावलीस आणि तो कागदावर उठवलास. देशभर दिसलं ते असं, की ज्योतीचे वडील मजूर आहेत, त्यांना सही येत नाही. एकतीस वर्षं शिक्षक होता तो माणूस! आपल्या खानदानात पहिलं अक्षर त्यांनी गिरवलं, अर्ध्या गावाला त्यांनी लिहायला शिकवलं. आणि दादा, मीही गप्प बसले. मला पुढच्या फेरीत जायचं होतं.

त्यानंतर त्यांच्याच हाताखाली शिकलेली माणसं त्यांना गंमत म्हणून विचारायची, “काहून गुरुजी, अंगठा देता का?” बाबा हसायचे. मग हळूहळू त्यांनी चौकातल्या वाचनालयात जाणंच सोडलं. अकरा वर्षं झाली, पण तुला किंवा मला त्यांनी कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. याचं मला आजही वाईट वाटतं, फार वाईट वाटतं.

गेल्या बुधवारी ते प्रकरण आलं. तू तिथेही बापाला अडाणीच ठेवलंस. तो कॅमेऱ्यासमोर आपणहून रडतो, आपणहून अंगठा पुढे करतो आणि मुलगा त्याला मिठी मारतो. बाबा उठून ताठ बसले होते. मला ते वाचवेना.

मग मी पुस्तकाकडे बघत भलतंच बोलले. त्या मुलाच्या तोंडी मी शब्द घातले, की बाबा, तुम्ही माझा हात धरून मला अक्षर शिकवलंत आणि मी तुमचाच हात धरून अंगठा उठवला, मला माफ करा. बाबांनी ते तीन वेळा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा माझा एक शब्द बदलला तर त्यांनी टोकलं. मग म्हणाले, “माह्या रवींद्रानं लिहिलं. बस, माही तकलीफ गेली.” त्या संध्याकाळी ते इतक्या वर्षांनी वाचनालयात जाऊन आले. आता त्यांनी ठरवलंय, की येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर ते पान स्वतः उभं राहून वाचायचं. जुन्या विद्यार्थ्यांना निरोप गेलेत, धर्मसिंगकाकाही येणार आहेत. नवा चष्मा हिंगोलीहून शनिवारी येतोय, वाचनबंदीचा महिनाही तेव्हाच संपतोय. म्हणून हे पत्र, दादा. तू शुक्रवारपर्यंत घरी ये. पुस्तकात ते नाही हे त्यांना कळणारच, ते मी थांबवू शकत नाही, पण त्याआधी त्यांनी ती माफी तुझ्या तोंडून ऐकलेली असावी. मी वाचलेले शब्द माझे होते. तुझे तू घेऊन ये.

तुझीच,
ज्योती