विकायचं नव्हतं ते चित्र

आई,

तुझं आपलं तेच, देवाची चित्रं काढ, लोक पटकन घेतील. अगं, बंगळुरात ह्या रस्त्यावरच्या चित्रांच्या जत्रेत देव लई हायेत. मी तुझं चित्र मांडलं होतं, चुलीपुढं फुंकणी घेतलेलं. कुणी घेऊ नये म्हणून मुद्दाम पाच हजार सांगत होतो.

एका बाईंनी हिंदीत विचारलं, "ही कोण?" मी म्हणालो, "असंच, गावाकडची एक बाई." माझी आई हाय, हे तोंडातून निघालंच न्हाई. त्यांनी घासाघीस न करता चित्र नेलं.

खोलीवरची मोकळी भिंत बघवत न्हाई.

माझं जेवणखाण बरं हाय. तुझा खोकला थांबला का?

चित्राच्या पैशातला रुपयाही मला खर्चवला न्हाई. तुझा कानिफ सगळे पाठवतोय, पाच हजार.